आमचं नाव सांगून प्रेमकथा कापू नका

मराठी चित्रपट, मालिका आणि वेब सीरिजचे निर्माते, दिग्दर्शक, लेखक, तसेच वाहिन्यांवर आणि ओटीटीवर कोणती गोष्ट जाईल हे ठरवणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, मागच्या वर्षी तुमच्यापैकीच एका संस्थेचे दोन तरुण लेखक माझ्याकडे आले होते. मी साताऱ्यात वधू-वर सूचक केंद्र चालवते. लग्नाळू मुलामुलींवर हलकीफुलकी मालिका करायची आहे, केंद्राचं काम कसं चालतं ते बघायचं आहे, म्हणाले. मी त्यांना फॉर्म दाखवले, 'अपेक्षा' या रकान्यात लोक काय काय लिहितात ते दाखवलं. बघण्याचा कार्यक्रम कसा ठरतो, नकार कसा कळवतात, 'पत्रिका जुळत नाही' हे कारण कधी खरं असतं आणि कधी नुसतं पुढे केलेलं असतं, सगळं सांगितलं. चांगली मुलं होती. त्यांच्या कथेत दोन मुलींची जोडी होती. एकीची आई केंद्रात तिचं नाव नोंदवते आणि मुलीचं मन दुसरीवर असतं, अशी गोष्ट. मला ती फार आवडली. माझी स्वतःची मुलगी लेस्बियन आहे, हे मी त्यांना तिथेच सांगितलं.

काही महिन्यांनी त्यांतल्या एकाचा फोन आला. मालिका मंजूर झाली होती, पण त्या दोघी कथेतून गेल्या होत्या. वरून निरोप आला होता, 'विषय चांगला आहे, पण आपला फॅमिली प्रेक्षक अजून तयार नाही.'

हा फॅमिली प्रेक्षक म्हणजे कोण? रात्री कुकर होईपर्यंत टीव्हीसमोर बसणारी बाई. शाहू कला मंदिरात लागलेलं नाटक सहसा न चुकवणारी, नवरा, नणंद, जाऊ सगळ्यांना घेऊन थिएटरला जाणारी, तिकिटांचे पैसे मोजणारी. ती मी आहे. मला कोणी विचारलं नाही. माझं नाव सांगून निर्णय झाला आणि तो माझ्या मुलीसारख्या मुलींच्या विरोधात झाला. म्हणून हे पत्र खाजगीत न पाठवता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मुलगी पुण्यात नोकरी करते. तिने आम्हाला सांगितलं त्याच्या आधीच, ६ सप्टेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध, ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून बाहेर काढले होते. आपली मुलगी गुन्हेगार नाही, एवढं तरी मला ह्यांना ठामपणे सांगता आलं. पण घरात कसं वागायचं ते निकालपत्रात नसतं. तिची जोडीदार पहिल्यांदा घरी येईल तेव्हा अंथरूण कुठे घालायचं? शेजारच्या काकूंना ओळख काय म्हणून करून द्यायची? दिवाळीला तिला साडी घ्यायची का, आणि घेतली तर तिच्या आईला काय वाटेल?

मुलाने जातीबाहेर लग्न केलं किंवा मुलगी परप्रांतीय जावई घेऊन आली तर पुढे काय होतं, हे आपल्याला पाठ आहे. आधी आदळआपट, मग अबोला, मग कोणाचं तरी आजारपण, आणि शेवटी सासऱ्याने जावयाच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलेली पोळी. हे आपण आयुष्यातून जितकं शिकलो तितकंच सिनेमातून शिकलो. हिंदी-मराठी प्रेमकथांनी आईबापांना हरायला शिकवलं आणि हरताना हसायलाही शिकवलं. 'जातीची अट नाही' असं स्वतःच्या अक्षरात लिहून देणारे आईवडील आज माझ्या टेबलासमोर बसतात, त्यात त्या कथांचा वाटा आहे असं मी मनापासून मानते. आमच्या घरावर वेळ आली तेव्हा मात्र बघावं असं फारसं काही नव्हतं.

जे होतं ते आठवून बघा. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आलं. बाईवर प्रेम करणारी नायिका तेव्हा मराठी रंगमंचावर उभी राहिली, रोहिणी हट्टंगडींनी ती उभी केली, याचा मला अभिमान आहे. पण मित्रा शेवटी जगत नाही. १९९८ च्या डिसेंबरात दोन बायकांच्या प्रेमावरच्या 'फायर' सिनेमावरून मुंबईत थिएटरची तोडफोड झाली. म्हणजे माझ्या पिढीच्या आईने काय पाहिलं, तर अशी मुलगी एक तर जीव देते, नाही तर तिच्या नावाने काचा फुटतात. मग विनोदाचे दिवस आले. २००३ च्या 'कल हो ना हो'मध्ये दोन पुरुष जवळ दिसले की घरकाम करणाऱ्या कांताबेनचा चेहरा पडतो आणि थिएटर हसतं. २००८ च्या 'दोस्ताना'त मायामीत फ्लॅट भाड्याने मिळावा म्हणून दोघं पुरुष जोडपं असल्याचं सोंग करतात, एकाची आई येते आणि रडूनभेकून शेवटी 'सुने'चं स्वागत करते. आमच्या घरी तो टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहिला. मुलगी तेव्हा शाळेत होती. पुढे कधीतरी ती मला म्हणाली, 'आई, सगळ्यांत मोठ्याने मी हसत होते, कोणाला काही कळू नये म्हणून.' हे वाक्य तुमच्या लेखकांच्या खोलीत भिंतीवर लावावं अशी माझी इच्छा आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार बायकी पुरुषाच्या विनोदाची. 'अशी ही बनवाबनवी' मला आजही तोंडपाठ आहे. तिथेही भाड्याच्या खोलीसाठी सोंग आहे, पण आपण हसतो ते पार्वती आणि सुधा यांच्या फजितीला, सोंग उघडं पडेल या धास्तीला. विनोदी कार्यक्रमांतल्या प्रहसनांत मात्र पुष्कळदा प्रसंगच नसतो. पुरुषाने मान वेळावली, आवाज बारीक केला, की झाला विनोद. त्या चालीची, त्या आवाजाची मुलं प्रत्येक गावात, प्रत्येक वर्गात आहेत. कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांचं काय होतं हे शिक्षकांना विचारा.

दुसरी तक्रार अशी की, तुम्ही प्रेमकथा म्हणता आणि त्यातलं प्रेमच दाखवत नाही. हिंदीत २०१९ ला 'एक लड़की को देखा तो ऐसा लगा' आला. मुख्य धारेतल्या मोठ्या तारकेने बाईवर प्रेम करणारी बाई साकारली, मी मुलीला फोन करून सांगितलं. पण स्वीटी आणि कुहू यांच्या वाट्याला किती वेळ आला? त्या कशा भेटल्या, कशावर भांडल्या, एकीला दुसरीची कोणती सवय आवडत नाही, यातलं बहुतेक काही कळत नाही. गोष्ट पुढे नेतो तो नाटककार तरुण, आणि कळस होतो वडिलांचं मन वळण्यात. 'शुभ मंगल ज़्यादा सावधान' त्या मानाने धीट होता. अमन आणि कार्तिक पहिल्यापासून प्रेमात आहेत, ते लपवाछपवी करत नाहीत, आणि रेल्वे प्रवासातलं ते चुंबन बघून अमनच्या वडिलांना उलटी होते तेव्हा हसू वडिलांवर येतं, मुलांवर येत नाही. विनोदाची दिशा बदलली की केवढा फरक पडतो ते तिथे दिसतं. तरीही सगळी गोष्ट पुन्हा बापाभोवतीच फिरते.

मला सगळ्यांत जवळचा वाटला तो हर्षवर्धन कुलकर्णी यांचा 'बधाई दो', २०२२ चा. त्यावर थोडं जास्त लिहिते, कारण तो माझ्या कामाच्या टेबलावरचा सिनेमा आहे. डेहराडूनचा एक समलिंगी पोलीस आणि एक लेस्बियन पीटी शिक्षिका घरच्यांच्या कटकटीला कंटाळून एकमेकांशी लग्न करतात. सिनेमातल्या त्या दोघांना निदान एकमेकांचं माहीत असतं. माझ्याकडे पस्तिशीतल्या मुलांच्या आया येतात, 'स्थळं येतात पण हा नाहीच म्हणतो, कारण सांगत नाही' म्हणून डोळे पुसतात. कधी मुलगा स्वतः येतो, मान खाली घालून फॉर्म भरतो, 'अपेक्षा' रकाना कोरा ठेवतो. अशा सगळ्याच मुलांचं कारण हेच असतं असं नाही. ज्याचं असतं त्याचं लग्न एखाद्या मुलीशी लावून दिलं जातं आणि तिला काहीच माहीत नसतं. दोन आयुष्यं जातात, दोन घरं कोर्टाच्या पायऱ्या चढतात. समाजाच्या स्वीकाराची गोष्ट फक्त एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे मुलांपुरती नाही. ज्या मुलींची लग्नं अशा मुलांशी लागतात त्यांचीही ती आहे. हे 'बधाई दो'ने हसत हसत सांगितलं. शिवाय ती शिक्षिका सुमी आणि तिची जोडीदार रिमझिम यांच्यात रोजचं प्रेम आहे. एकत्र राहणं, रुसणं, घरातली ये-जा, सगळं आहे. शेवटच्या पूजेत जोडीदारांनाही जवळ बसवतात तेव्हा कोणी लांबलचक भाषण करत नाही.

भाषणावरूनच तिसरी तक्रार. तुमच्याकडे स्वीकार एका संवादात उरकतो. मुलगा बोलतो, पार्श्वसंगीत चढतं, वडील मिठी मारतात, संपलं. घरात असं होत नाही. आमच्या ह्यांनी मुलीला कधी वेडंवाकडं बोललं नाही, पण त्या विषयावर कित्येक महिने एक अक्षरही काढलं नाही. मग एकदा त्या दोघी येणार म्हणून मी मटण आणायला सांगितलं, तर पिशवी हातात घेऊन दारात थांबून विचारतात, 'तिला तिखट चालतं ना?' पुढे तिच्या गावाकडच्या पावसाची चौकशी. पुढे तिच्या स्कूटरचा विमा. ज्याला तुम्ही स्वीकार म्हणता तो आमच्याकडे असा पिशवीतून, पावसातून, विम्याच्या कागदातून आला.

आणि केळवण. गेल्या वर्षी दोघींनी पुण्यात मोजक्या माणसांत एकमेकींना हार घातले. नोंदणी होत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो प्रश्न कायदेमंडळाकडे सोडला. हार घालण्याआधी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी हट्टाने केळवण केलं. दोन पाट, दोन्ही ताटांभोवती रांगोळीची महिरप, श्रीखंड-पुरी, मसालेभात, अळूचं फदफदं. ओवाळून झाल्यावर म्हणाल्या, 'नाव घेतल्याशिवाय घास उचलायचा नाही.' आता आधी कोणी घ्यायचं? एकमेकींकडे बोट दाखवणं सुरू झालं. आत्या म्हणे मुलीकडची आधी, मावशी म्हणे दोन्हीकडून मुलगीच आहे. जाऊबाईंनी क्षणभर विचार करून निकाल दिला, 'वयाने लहान ती आधी.' लहान आमची. तिने हळूच मोबाइलमध्ये उखाणा शोधायला घेतला तर तो काढून घेतला आणि डब्यांच्या फडताळावर ठेवला. शेवटी कशीबशी दोन ओळी जुळवून ती सुटली. तिच्या जोडीदारणीने मात्र आईने शिकवून पाठवलेला लांबलचक उखाणा खणखणीत म्हटला, आणि हे पुऱ्यांचं ताट हातात घेऊन उभे होते, ते 'वा!' म्हणाले.

हा प्रसंग मराठी पडद्यावर का नाही? यात शिवी नाही, उघडंनागडं काही नाही, देवाधर्माचा अपमान नाही. सत्तरीच्या बाई आहेत, उखाणा आहे, पंगत आहे, प्रेम आहे. तुमचा फॅमिली प्रेक्षक तयार नाही म्हणता, तो तर पाट मांडून बसलाय.

चौथी तक्रार लहान आहे, पण महत्त्वाची. 'चंडीगढ़ करे आशिक़ी'मध्ये २०२१ साली ट्रान्स नायिका आली, ही चांगली गोष्ट झाली. ती भूमिका ट्रान्स अभिनेत्रीला मिळाली असती तर आणखी चांगली झाली असती. 'एक लड़की को देखा'च्या लेखनात गझल धालीवाल होत्या, त्या स्वतः ट्रान्स आहेत. म्हणजे माणसं आहेत, हुशार आहेत, बोलावलं तर येतात.

पाचवी तक्रार तुमच्या हिशेबाची. 'असे सिनेमे चालत नाहीत' हे मी त्या फोनवरही ऐकलं. 'शुभ मंगल ज़्यादा सावधान' २१ फेब्रुवारी २०२० ला लागला आणि मार्चमध्ये कोरोनामुळे थिएटरं बंद झाली. 'बधाई दो' फेब्रुवारी २०२२ मध्ये, तिसरी लाट ओसरते न ओसरते तेव्हा. त्यावरून प्रेक्षकांच्या मनाचा निकाल लावू नका. तुमच्या नायक-नायिकेच्या किती प्रेमकथा दरवर्षी पडतात! त्या पडल्या म्हणून स्त्री-पुरुषांच्या प्रेमाला प्रेक्षक तयार नाही असं कोणी म्हणत नाही.

आणि आपली मराठी माणसं काय करू शकतात ते तर जगाने बघितलंय. रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक सिनेमा विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा शेतकरी मित्र, यांची गोष्ट. त्यातल्या आईला मुलाचं सगळं माहीत असतं आणि ती त्याच्या बाजूने असते. तो हसवणारा सिनेमा नाही, पण इतकं हळुवार प्रेम मराठीत मी क्वचित पाहिलंय. तिकडे अमेरिकेत रोशन सेठी यांनी 'अ नाइस इंडियन बॉय' केला. ती अस्सल रोमँटिक कॉमेडी आहे, गणपतीसमोर भेट, गोंधळलेले आईवडील, लग्नाची धांदल, सगळं आहे. त्यातल्या दोन नवऱ्यामुलांची आडनावं ठाऊक आहेत? एक गावसकर आणि एक कुरुंदकर. दोन मराठी आडनावांचं असं लग्न हॉलीवूडच्या अंगणात लागतं, आणि मराठीत असा मुख्य प्रवाहातला एकही हलकाफुलका सिनेमा मला आठवत नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि रागही येतो.

विषय कमी आहेत का? अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं की एलजीबीटीक्यू व्यक्तींना संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला काहीही आडकाठी नाही. आता बँकेच्या शाखेत दोघी उभ्या आहेत, 'नातं' हा रकाना आहे, काउंटरवरच्या माणसापर्यंत तो खुलासा पोचलेला नाही, साहेब रजेवर आहेत, मागे पेन्शनवाल्यांची रांग वाढते आहे आणि रांगेतल्या प्रत्येकाकडे सल्ला आहे. घर भाड्याने घेताना सोसायटीचे सेक्रेटरी 'दोघी मुली म्हणजे बरं, घरात मुलं यायला नकोत' म्हणून खूश होतात. कोणत्याही मराठी विनोदी लेखकाला यावरून अंक लिहिता येईल.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एखादी गोष्ट तुम्हाला करायची नसेल तर स्वतःच्या नावावर नाकारा. 'फॅमिली प्रेक्षक' हे कारण आमची परवानगी असल्यासारखं वापरू नका.

दोन नायक किंवा दोन नायिका असलेली एक पूर्ण लांबीची मराठी रोमँटिक कॉमेडी करा. त्यांचं प्रेम मध्यंतरापूर्वी आणि नंतरही पडद्यावर असू द्या. शेवटी कोणी मरू नये, कोणी 'सुधारू' नये, आणि आईबापांचं ऐकून घेण्यातच सगळी रिळं संपू नयेत.

रोजच्या मालिकांमध्ये असं जोडपं गणपतीत, दिवाळीत, डोहाळजेवणात इतरांसारखं वावरताना दाखवा. त्यासाठी विशेष भागाची जाहिरात नको.

लेखनाच्या टेबलावर आणि पडद्यावर या समाजातली माणसं घ्या, आणि सल्लागार म्हणून फुकट राबवून न घेता मानधन देऊन, श्रेयनामावलीत नाव देऊन घ्या.

बायकी चालीवरची प्रहसनं थांबवा.

आणि असा सिनेमा झाला तर तो साताऱ्या-सांगलीलाही लावा, संध्याकाळच्या खेळाला लावा. कामावर जाणाऱ्या माणसांना सकाळचा एकुलता खेळ दाखवून 'गर्दी झाली नाही' म्हणू नका.

त्या दोन लेखकांवर माझा राग नाही. त्यांनी प्रयत्न केला होता. त्यांना पुन्हा पाठवा. फॉर्म, फाइली, केळवणाची सगळी हकीकत, हवं ते देईन. जाऊबाईंनाही बसवते समोर, त्यांच्याकडे माझ्याहून जास्त सांगण्यासारखं आहे.

माझं नाव खाली लिहीत नाही. मुलीच्या जोडीदारणीच्या ऑफिसात अजून कोणाला सांगितलेलं नाही, आणि ते कधी सांगायचं हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक आई आणि वधू-वर सूचक केंद्र चालक
सातारा